चार ओळींचं आवाहन आणि सहा कॉलमची बातमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या दैनिकाच्या शेवटच्या पानावर एका चिमुकलीला परदेशी जोडप्यानं दत्तक घेतल्याची बातमी आली आहे. सहा कॉलम, वर रंगीत फोटो. फोटोत ते पोर झेंडूच्या हारात गळ्यापर्यंत बुडालंय, दोन्ही बाजूंना आईबाप अवघडून उभे, आणि मागे सत्कार करणाऱ्यांच्या दोन रांगा. मथळ्यात मुलीचं नशीब फळफळलंय. खाली तिचं नाव, संस्थेचं नाव, शिवाय ती कुठल्या एसटी स्टँडवर सापडली तेसुद्धा. बातमीदारानं मेहनत घेतली आहे यात शंका नाही. पण वाचता वाचता माझा चहा गार झाला, म्हणून हे पत्र.

मी पोस्टातून २०११ साली निवृत्त झालो. अडतीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळली, संपादकांना स्वतः लिहिण्याची ही पहिलीच वेळ. पत्र लांबलं आहे. कात्री लावायला हरकत नाही, फक्त कात्रणाचा भाग तेवढा ठेवा.

माझी नातही याच वाटेनं घरात आली. आज ती अमेरिकेत मिनेसोटा राज्यात आहे, माझ्या थोरल्याकडे. त्यामुळे ही बातमी आमच्या घरात पाव्हण्याची म्हणून वाचली गेली नाही.

आधी कायद्याचं बोलतो आणि मोकळा होतो. बाल न्याय अधिनियम २०१५, कलम ७४. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा किंवा ओळख पटेल असं काहीही वर्तमानपत्रात छापायला मनाई आहे, फोटोलाही मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मला कुणाला दंड व्हायला नको आहे. पण ती मुलगी उद्या पंधरा वर्षांची होईल, मोबाईलवर स्वतःचं नाव टाकेल, आणि पहिल्याच ओळीत तिला एसटी स्टँड भेटेल. ही गोष्ट तिला कुणी, कधी, कुठे बसवून सांगायची हे तिच्या आईबापांनी ठरवायचं. ते तुम्ही परस्पर उरकून टाकलंत.

तुम्ही म्हणाल, सापडलेल्या मुलांचे फोटो तर आम्ही नेहमीच छापतो, जाहीर आवाहनात. बरोबर आहे. ते बालकल्याण समितीच्या परवानगीनं, आईबाप किंवा नातलग सापडावेत म्हणून छापावं लागतं. हे मला ठाऊक आहे, कारण माझ्या नातीचं आवाहन तुमच्याच मराठवाडा आवृत्तीत आलं होतं. २०१७च्या अखेरीला, आतल्या पानावर, निविदा सूचना आणि ‘नावात बदल’ यांच्या मध्ये. टपाल तिकिटाहून थोडा मोठा फोटो आणि चार ओळी. स्त्री जातीचे बालक, वय अंदाजे तीन महिने, वर्ण गव्हाळ, अंगात पिवळे झबले, मिळून आले आहे. पालकांनी अमुक मुदतीत संपर्क साधावा, अन्यथा पुनर्वसनाची कार्यवाही करण्यात येईल.

कुणी आलं नाही.

दत्तकाच्या फाईलमध्ये त्या आवाहनाची झेरॉक्सची झेरॉक्स होती, चेहऱ्याच्या जागी नुसता काळा ठिपका. सूनबाई म्हणाल्या, बाबा, मूळ कागद मिळेल का? मी कराडहून रात्रीची एसटी पकडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या तिथल्या जिल्हा कार्यालयात जाऊन बसलो. कशासाठी हवंय ते सांगितलं नाही, सांगवलं नाही. तिथला एक शिपाई निमूटपणे माळ्यावर चढला. तासाभरानं केसांत धूळ घेऊन खाली आला तेव्हा हातात सुतळीनं बांधलेला त्या महिन्याचा गठ्ठा होता. त्या तारखेचे दोन अंक होते, त्यातला एक त्यानं मला दिला. पैसे घेईना. चहाला चला म्हटलं तर म्हणाला, साहेब येतील.

ते कात्रण आज मिनेसोटात दोन्ही बाजूंनी काच असलेल्या चौकटीत आहे. दोन्ही बाजूंनी, कारण मागच्या अंगाला ट्रॅक्टरच्या जाहिरातीतलं अर्धं चाक आणि ‘सुलभ हप्त्यां’ एवढी अक्षरं आलीत. मुलगा म्हणत होता मागची बाजू झाकू. सूनबाईंनी झाकू दिली नाही. त्या दिवसाचा तोही भाग आहे म्हणाल्या.

त्या चार ओळींचा अर्थ मी त्यांना फोनवर शब्दाशब्दानं सांगितला होता. ‘गव्हाळ’ला वेळ लागला. ‘मिळून आले’पाशी मात्र गाडी अडली. सापडलं, असा अर्थ सांगितला. मग मागून ही ओरडली, अहो, आमटी छान मिळून आली असं पण म्हणतो ना आपण! ते सांगितलं. डाळ, पाणी, मसाला वेगवेगळं राहिलं नाही की आपण तसं म्हणतो. पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही. आमच्या सरकारी मराठीला नावं ठेवण्यात माझी उभी हयात गेली, पण ‘टाकून दिलेले’ न लिहिता ‘मिळून आले’ लिहायचं ज्यानं कुणी ठरवलं, त्याला त्या रात्री मी मनातल्या मनात बढती दिली.

आता सूनबाईंबद्दल, कारण त्यांच्याशिवाय ‘नशीब’ या शब्दाला माझा आक्षेप का, ते कळणार नाही. त्यांचा जन्म कोरियातला. पाच महिन्यांच्या असताना विमानानं मिनेसोटात आल्या, एका लुथरन पंथाच्या ख्रिस्ती शेतकऱ्याच्या घरी वाढल्या. कोरियन युद्ध १९५३ला थांबलं, त्यानंतरच्या काही दशकांत त्या देशातून दीड लाखाहून जास्त मुलं परदेशी दत्तक गेली, आणि त्यांतली पुष्कळ मिनेसोटात. सूनबाईंच्या कागदावर ‘बेवारस’ लिहिलंय. ते खरं आहे की खोटं, त्यांना माहीत नाही. २०२५च्या मार्चमध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगानं मान्य केलं की त्या काळात खोटी कागदपत्रं झाली, आईबाप असलेल्या मुलांनाही अनाथ दाखवलं गेलं. ज्या दिवशी आयोगाची ही बातमी आली त्या दिवशी त्यांनी फोनवर नेहमीसारखं पाऊसपाणी विचारलं, आणि मग एवढंच म्हणाल्या, आईबाबांवर माझं प्रेम आहेच, पण लहानपणापासून प्रत्येकानं मला नशीबवान म्हटलं, आणि नशीबवान माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत.

म्हणून दत्तक घ्यायचं ठरलं तेव्हा त्यांच्या दोन अटी होत्या. कागद स्वच्छ हवा. आणि मुलीचं नाव बदलायचं नाही. संस्थेतल्या मावशींनी ठेवलेलं नाव आजही तेच आहे. ते मी इथे लिहिणार नाही.

कागद स्वच्छ हवा म्हणजे काय, ते पोस्टातल्या माणसालाही नव्यानं कळलं. २०१८ साली घराची पाहणी सुरू झाली. दोघांचं उत्पन्न, तब्येत, पोलिसांचा दाखला, शेजाऱ्यांची पत्रं, घराला धुराची घंटा आहे का, कुत्र्याला सुया टोचल्यात का. प्रत्येक कागद नोटरीचा, त्यावर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का. तिकडच्या सरकारची ‘आय ८०० ए’ नावाची मंजुरी, तिच्यासाठी बोटांचे ठसे, आणि ते पंधरा महिन्यांत शिळे होतात. या दोघांनी तीनदा दिले. इकडे दिल्लीच्या ‘कारा’त, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणात नोंदणी, मुलाची निवड, हेग कराराच्या कलम ५चं अमेरिकेचं संमतीपत्र, ‘कारा’चं ना हरकत, मग तेव्हाच्या नियमानं जिल्हा न्यायालय, मग पासपोर्ट, मग त्याच कराराच्या कलम २३चा दाखला, मग व्हिसा. भारतानं २००३ साली परदेशी दत्तकाविषयीच्या या हेगच्या करारावर शिक्कामोर्तब केलं, तेव्हापासूनची ही वहिवाट.

भावकीतले एक काका म्हणाले, एवढं कशाला, पैसे टाकले की पोरं मिळतात. त्यांना मी एक पत्राची गोष्ट सांगितली. पत्राची गोष्ट सांगायला मला कधीही आवडतं. १९८२ साली लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, की परदेशी दत्तकाच्या नावाखाली मुलांचे हाल होताहेत. न्यायालयानं त्या पत्रालाच याचिका मानलं. १९८४च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला आणि नियम घालून दिले. त्याआधी परदेशी माणूस १८९०च्या पालकत्व कायद्याखाली मुलाचा नुसता पालक व्हायचा आणि मूल घेऊन जायचा. पुढे १९९०मध्ये ‘कारा’ आली. काका म्हणाले, बरं बरं. मग हळूच विचारलं, मुलीची जात कळते का हो?

दत्तक म्हटलं की आपल्याकडे गादी आठवते. आमचं साताऱ्याचं राज्य १८४८ला डलहौसीनं खालसा केलं ते दत्तक नामंजूर करूनच. कोल्हापूरचे शाहू महाराज दत्तक, बडोद्याचे सयाजीराव दत्तक, त्यांचे पुतळे आपण चौकाचौकात उभे केलेत. जोतीराव-सावित्रीबाईंनी एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला, त्याला डॉक्टर केलं. पंढरपूरचा बालकाश्रम १८७५पासून आहे. एवढं सगळं असून भावकीत प्रश्न येतो तो जातीचा. मी काकांना उत्तर दिलं नाही. त्यांचा मान ठेवला, नंतर जरा जास्तच ठेवला असं वाटलं.

सगळ्यात अवघड वर्ष कुठलं म्हणाल तर २०१९. एका बाळाची फाईल आली होती. नऊ महिन्यांचा मुलगा. फोटो आला, हिनं जुन्या लुगड्याचं दुपटं शिवायला घेतलं. दीड महिन्यानं कळलं की त्याचे नातलग पुढे आलेत, मामा घेऊन जातोय. नियमाप्रमाणे योग्यच झालं, मूल स्वतःच्या माणसांत गेलं. पण थोरला आठ दिवस फोनवर आला नाही, आणि आला तेव्हा म्हणाला, बाबा, आता बास. सूनबाईंनी त्या रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावली. कुणासाठी, विचारलं. म्हणाल्या, त्या मामासाठी.

मी देवभोळा नाही. माझी श्रद्धा पोचपावतीवर. गेलेल्या पत्राची सही करून परत आलेली पोचपावती, तेवढी मला पुरते. ही माळकरी आहे, माउलींच्या पालखीबरोबर दरवर्षी लोणंद ते फलटण चालते. सूनबाई चर्चच्या. तिथल्या बायका आळीपाळीनं हॉटडिश नावाचा बटाट्याचा ओव्हनमधला प्रकार घेऊन यायच्या आणि घटकाभर बसून जायच्या. सल्ला कुणी देत नसे, हे मला फार आवडलं. आपल्याकडे डबा कमी आणि सल्ला जास्त येतो.

२०२०ला सगळंच थांबलं. विमानं बंद, कचेऱ्या बंद, संस्थेचं दार बंद. माउलींच्या पादुकासुद्धा एसटीनं पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी ही रोज पहाटे गच्चीवर पाण्याच्या टाकीभोवती चालायची, टाळ हातात. एकादशीपर्यंत एक दिवस चुकवला नाही. खालचे भाडेकरू विचारायचे काय चाललंय. रात्री साडेनऊला फोन लागला की तिकडे सकाळ असायची. ही मराठीतून पांडुरंगाचं सांगायची, सूनबाई इंग्रजीतून त्यांच्या प्रभूचं, एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं. मधे मी दुभाषा. खरं सांगायचं तर भाषांतर करताना मी दोन्हीकडचा देव थोडा थोडा गाळायचो, आणि दोघींचं काही अडलं नाही.

२०२१च्या ऑगस्टमध्ये दुसरी फाईल आली. मुलगी, चार वर्षांची. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लागतं. अशा मुलांना इकडे सहसा कुणी विचारत नाही, फाईल पुढे पुढे जाते आणि शेवटी समुद्र ओलांडते. लिसा स्थळेकर पुण्यात जन्मली, पुण्याच्याच संस्थेतून दत्तक गेली आणि ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची कर्णधार झाली, तेव्हा ‘आपली मुलगी’ म्हणून आपण किती कौतुकानं लिहिलं. कानाला मशीन असलेली चार वर्षांची मुलगी मात्र दोन जिल्ह्यांत कुणाची नव्हती. हेही सहा कॉलमांत यायला हरकत नाही.

होकार कळवल्यावर आईबापांनी संस्थेत फोटोंचा अल्बम पाठवला. हे घर, ही तुझी खोली, हा कुत्रा, ही आजी, हे पोस्टातले आजोबा. मला काम दिलं होतं वहीचं. मुलीला लागतील ते मराठी शब्द लिहायचे, शेजारी इंग्रजी अक्षरांत उच्चार. मी विचार करून बेचाळीस शब्द काढले. भूक, पाणी, शू, दुखतंय, भीती वाटते, नको, अजून पाहिजे, उचलून घे. सूनबाईंनी ते फ्रिजवर लावून पाठ केले. ‘ळ’ला त्यांनी शेवटपर्यंत दाद दिली नाही.

न्यायालयाचा आदेश २०२२च्या एप्रिलमध्ये झाला. कामकाज बंद दाराआड, मी व्हरांड्यातल्या बाकावर. दहा मिनिटांत वकीलबाई बाहेर आल्या आणि झालं म्हणाल्या. एवढ्या वर्षांची दहा मिनिटं.

मे महिन्यात दोघं आले, आम्ही चौघं संस्थेत गेलो. मावशींनी तिला दोन वेण्या घालून आणलं. सूनबाई फरशीवर बसल्या, वह्याबिह्या विसरल्या. मुलगी सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिली. मग अल्बम उघडला, एका फोटोवर बोट ठेवलं आणि मोठ्यांदा, कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी, विचारलं, “कुत्रं कुठाय?”

बेचाळीस शब्दांत मी कुत्रं लिहिलं नव्हतं. सूनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. अडतीस वर्षांच्या नोकरीत पत्ता चुकल्याची एवढी लाज मला कधी वाटली नाही.

पासपोर्ट आणि दिल्लीचे कागद होईपर्यंत ती कराडला आमच्याकडे राहिली. पहिले सहा दिवस मावशीसाठी रडली. रडायला हवंच होतं, चार वर्षांचं माणूस तिथे ठेवून आली होती. सातव्या दिवशी हिच्या हातची शेवयांची खीर दोनदा मागून घेतली. दुपटं तोवर अपुरं झालेलं, ते तिनं बाहुलीला दिलं. जूनअखेरीला दोन वर्षांनंतर पायी वारी लोणंदला आली. हिचा हट्ट, पोरीला माउलींच्या रथापुढे न्यायचंच. नेलं. चारी बाजूंनी टाळ-मृदंग, हिचे डोळे भरलेले, सूनबाईंनी हात जोडलेले, थोरला गप्प. नातीनं दोन्ही कानांतली मशीनं शांतपणे काढली, आजीच्या जोडलेल्या हातांत कोंबली आणि सोललेलं केळं खायला लागली. हिला आधी राग आला, मग इतकं हसू आलं की शेजारची दिंडी बघायला लागली.

तर संपादकसाहेब, माझ्या मागण्या फार नाहीत. पुढच्या वेळी अशी बातमी आली तर नाव, चेहरा आणि गाव वगळा. हार घालणाऱ्यांचा फोटो स्वतंत्र छापा, त्यांची हरकत नसेल. मथळ्यातलं नशीब काढा, त्या जागेत इथल्या किती फाईली अजून पडून आहेत ते विचारून लिहा.

आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हल्ली सगळं संगणकावर असतं म्हणून जुने अंक रद्दीत घालतात, असं ऐकतो. आपल्या जिल्हा कार्यालयांतले गठ्ठे कृपा करून घालू नका. कायद्यानं अठरा वर्षांनंतर मुलाला आपलं मूळ शोधता येतं. माझी नात २०३५ साली अठरा पूर्ण करेल. तिच्याकडे तिचं कात्रण आहे. पण त्याच पानावर त्या दिवशी आणखी दोन फोटो होते, एक मुलगा आणि एक मुलगी. त्यांची कात्रणं कुणी नेली की नाही, मला माहीत नाही. दुसरा अंक अजून त्या गठ्ठ्यात असेल. त्या शिपायाला जागा पाठ आहे. त्याला माझा नमस्कार सांगा, आणि चहा बाकी आहे म्हणावं.

आपला,
एक निवृत्त पोस्टमास्तर, कराड
(नाव आपल्या माहितीसाठी वेगळं कळवलं आहे, कृपया छापू नये.)